चौसष्ट कलांचे दरपत्रक

प्राचीन भारतीय परंपरेने चौसष्ट कला मानल्या, परंतु त्यांपैकी कोणत्या कलेला किती गुण द्यावेत याविषयी एकाही शास्त्रकाराने मार्गदर्शन करून ठेवलेले नाही. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील यादीत गीत, वाद्य, नृत्य आणि आलेख्य, म्हणजे चित्रकला, यांना अगदी आरंभीचे मानाचे स्थान आहे, पुढे त्याच यादीत मेंढ्या-कोंबड्यांच्या झुंजी लावणे आणि पोपट-मैनांना बोलायला शिकवणे याही कला येतात, मात्र गुणदानाचा तक्ता कोठेच आढळत नाही. ही उणीव महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने एकविसाव्या शतकात भरून काढली आणि दहावीच्या परीक्षेपुरते चित्रकला, शास्त्रीय गायन, वादन, नृत्य व लोककला यांचे दर निश्चित करून दिले. पोपटाला बोलायला शिकवण्याची कला या दरपत्रकातून वगळली गेली असली, तरी घोकंपट्टीच्या रूपाने ती मूळ अभ्यासक्रमातच समाविष्ट असल्यामुळे तिच्यासाठी वेगळे गुण ठेवण्याचे प्रयोजन उरले नसावे, असा तर्क करता येतो.

हे दरपत्रक समजून घेण्यासाठी ज्या बाजारपेठेत ते लागू होते, तिची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. दहावीच्या सहा विषयांपैकी ज्या पाच विषयांत सर्वाधिक गुण मिळाले त्यांचीच बेरीज करून, म्हणजे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ या पद्धतीने, 500 पैकी टक्केवारी काढली जाते आणि त्या टक्केवारीवर अकरावीचा प्रवेश ठरतो. हा प्रवेश पूर्वी मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांत केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत असे. 2025-26 या शैक्षणिक वर्षापासून तो राज्यभर त्याच पद्धतीने होऊ लागल्यामुळे पूर्वी काही शहरांपुरती मर्यादित असलेली चिंता आता समन्यायी तत्त्वावर सर्व जिल्ह्यांना उपलब्ध झाली आहे. एखाद्या महाविद्यालयात शेवटचा प्रवेश ज्या गुणांवर मिळतो त्या गुणांना ‘कट-ऑफ’ म्हणतात. नामांकित महाविद्यालयांचे कट-ऑफ नव्वदीच्या पलीकडे इतक्या दाटीवाटीने उभे असतात की टक्क्याच्या दशांशात शेकडो विद्यार्थी मावतात, आणि ज्या कुटुंबाने एरवी भाजी घेताना सुट्ट्या पैशांचा आग्रह कधी धरलेला नसतो, ते कुटुंब जून महिन्यात दशांश चिन्हाच्या उजवीकडील अंकांवर सहकुटुंब चर्चा करताना आढळते.

अशा दाटीत शिरण्यासाठी कलेचा उपयोग होऊ शकतो, हे ज्या क्षणी शासन निर्णयाने मान्य केले, त्या क्षणी कला या विषयाकडे पाहण्याचा समाजाचा दृष्टिकोन उदार झाला. सध्याच्या दरांनुसार कला संचालनालयाच्या ‘इंटरमिजिएट’ या रेखाकला परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळवणाऱ्यास 7, ‘बी’ श्रेणीस 5 आणि ‘सी’ श्रेणीस 3 अतिरिक्त गुण मिळतात. मान्यताप्राप्त संस्थेच्या शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याच्या तीन परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास 10 आणि पाच परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास 15 गुण मिळतात. 2017 साली ही योजना प्रथम अमलात आली तेव्हाचे दर याहून चढे होते, आणि त्या वर्षी दहावीला शंभर टक्के गुण मिळवणाऱ्यांची संख्या 193 वर गेल्याने राज्याला एकाच वेळी अभिमान आणि संशय असे दोन्ही वाटले. पुढील परीक्षेपूर्वीच दर खाली आणण्यात आले. कांद्याचा आणि कापसाचा भाव कोसळल्यावर आंदोलने होतात याचा महाराष्ट्राला दीर्घ अनुभव आहे. भूप रागाचा भाव एका शासन निर्णयाने उतरवला जाऊ शकतो, ही जाणीव मात्र त्या वर्षी प्रथमच झाली.

दर जाहीर झाल्यावर परताव्याचा हिशेब होणे अपरिहार्य असते. इंटरमिजिएटचे 7 गुण 500 च्या बेरजेत 1.4 टक्के भरतात, तर पाच परीक्षांचे 15 गुण तीन टक्के भरतात. परंतु चित्रकलेच्या ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या दोन परीक्षा आठवी-नववीच्या सुमारास लागोपाठच्या दोन वर्षांत उरकता येतात, उलट गायनाच्या पाच परीक्षांसाठी पाचवी-सहावीतच पेटी घरात आणावी लागते. शिवाय पेटी वाजते, तबला त्याहून अधिक वाजतो, आणि चित्रकला ही शेजाऱ्यांना ऐकू न येणारी कला असल्यामुळे सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये तिला स्वाभाविक पसंती मिळते. नृत्याच्या बाबतीत घुंगरांखेरीज खालच्या मजल्यावरील रहिवाशांचा प्रश्न निर्माण होतो. अशा रीतीने मुलाचा कल, आवाजाची जात किंवा हाताचे वळण या जुन्या निकषांच्या जागी गुंतवणुकीचा कालावधी, वार्षिक परतावा आणि भिंतींची जाडी हे वस्तुनिष्ठ निकष आले. कोणत्या वयात कोणती कला सुरू करावी याचा सल्ला पूर्वी बुजुर्ग कलावंत देत असत. आता तो सल्ला शाळेच्या फाटकाबाहेर दुचाकीवर बसलेले, मोठ्या मुलाची दहावी नुकतीच पार पाडलेले पालक अधिक अचूकपणे देऊ शकतात.

इंटरमिजिएट परीक्षेचे स्वरूप पाहिल्यास ही पसंती निराधार नाही, हे लक्षात येते. वस्तू समोर मांडून काढायचे स्थिरचित्र, नक्षीकामाचे संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन, आणि स्मरणचित्र, म्हणजे समोर काहीही नसताना दिलेल्या प्रसंगाचे आठवणीतून काढायचे चित्र, असे तिचे विषय आहेत. यांपैकी स्थिरचित्र निसर्गनियमांना बांधलेले असते: एक भांडे, एक-दोन फळे किंवा भाज्या आणि मागे घड्या पाडलेले कापड एवढ्या सामग्रीभोवती वर्गभर मुले बसवली जातात, आणि ज्याच्या वाट्याला वांग्याची देठाकडची बाजू येते त्याचे नशीब ज्याला नुसताच कापडाचा मागचा भाग दिसतो त्याच्याहून वेगळे असते. भूमितीत उत्तर एकतर बरोबर असते किंवा चुकीचे, त्यामुळे कलेच्या परीक्षेत पालकांना खऱ्या अर्थाने समजणारा हा एकमेव विषय आहे.

स्मरणचित्राने मात्र अध्यापनशास्त्रात स्वतंत्र भर घातली आहे. या विषयाचा मूळ हेतू असा की विद्यार्थ्याने बाजार, बसथांबा, पाणवठा किंवा गणपतीची मिरवणूक डोळे उघडे ठेवून पाहावी, ती मनात साठवावी आणि कागदावर उतरवावी. खासगी वर्गांनी या हेतूतील वेळखाऊ भाग, म्हणजे पाहणे, काढून टाकला आणि त्याऐवजी निवडक मानवाकृती पाठ करून घेण्याची पद्धत विकसित केली. डोक्यावर पाटी घेतलेली एक स्त्री, सायकल धरून उभा असलेला एक पुरुष, आईचे बोट धरलेले एक मूल आणि पाठमोरी बसलेली एक म्हातारी इतक्या आकृती हातात बसल्या की बहुतेक कोणताही प्रसंग उभा करता येतो: पाटीत भाजी ठेवली की बाजार होतो, पाटीच्या जागी घागर ठेवली की पाणवठा होतो, सायकलवाल्याच्या हाती झेंडा दिला की प्रजासत्ताक दिन होतो, आणि सर्वांच्या अंगावर गुलाल टाकला की विसर्जन होते. पाठमोरी म्हातारी कोणत्याही प्रसंगात बदलावी लागत नाही. तिला चेहरा नसल्याने आनंद, शोक आणि देशभक्ती या तिन्ही भावना ती सारख्याच समर्थपणे व्यक्त करते. राज्यभरातील कागद एका ठिकाणी मांडले, तर एकच कुटुंब एकाच दिवशी हजारो बाजारांत, बसथांब्यांवर आणि जत्रांत हजर असल्याचे दिसेल, आणि इतक्या धावपळीतही त्या म्हातारीने कोणाकडे वळून पाहिलेले नसेल.

या घडामोडींचा सर्वांत मोठा लाभार्थी विद्यार्थी नसून चित्रकलेचा शिक्षक आहे, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटते. कित्येक शाळांच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास हा गणिताचा उरलेला भाग पूर्ण करण्यासाठी राखून ठेवलेला तास समजला जात असे, आणि चित्रकलेच्या शिक्षकाकडे मुख्यत्वे स्नेहसंमेलनाचे नेपथ्य, फलकलेखन आणि पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी ही खाती असत. 7 गुणांच्या घोषणेनंतर याच शिक्षकाला पालकसभेत खुर्ची मिळाली, आणि गणिताच्या शिक्षकाने तास मागितल्यास नकार देण्याचा अधिकार प्राप्त झाला. ज्या पालकांनी आयुष्यात चित्रप्रदर्शनाची पायरी चढलेली नाही, ते पालक पाल्याचे संकल्पचित्र हाती घेऊन रंगसंगतीत उष्ण आणि शीत छटांचा तोल साधला आहे किंवा नाही, अशी पृच्छा करू लागले. कलासमीक्षेचा इतका व्यापक प्रसार सर ज. जी. कला महाविद्यालयाला 1857 पासूनच्या कारकिर्दीत साधलेला नव्हता.

संगीताच्या बाबतीत परीक्षा ही काही नवी गोष्ट नाही आणि तिचा दोष शिक्षण मंडळाला देणे अन्यायाचे ठरेल. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली तेव्हा गुरूच्या घरी राहून, त्याची मर्जी सांभाळून आणि बरीचशी घरकामे करून मिळणारी विद्या वर्ग, अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र या चौकटीत आणली, जेणेकरून प्रतिष्ठित घरांतील मुलामुलींना ती संकोच न बाळगता शिकता यावी. पं. विष्णू नारायण भातखंडे हे पेशाने वकील. त्यांनी रागांची वर्गवारी आणि बंदिशींचे लेखन अशा काटेकोरपणे केले की संगीतालाही कलमे आणि पोटकलमे मिळाली. पलुस्करांच्या शिष्यांनी त्यांच्या निधनानंतर उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची शिडी प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, पुढे विशारद आणि सर्वांत वर अलंकार अशी आहे. शासनाच्या दरपत्रकाशी ही शिडी ताडून पाहिल्यास तीन परीक्षांचा, म्हणजे 10 गुणांचा, टप्पा प्रवेशिका पूर्णपाशी आणि पाच परीक्षांचा, म्हणजे 15 गुणांचा, टप्पा मध्यमा पूर्णपाशी येतो. त्यापुढील विशारद आणि अलंकार या पायऱ्यांना दहावीच्या दृष्टीने काहीही भाव नाही; त्यामुळे मध्यमा पूर्णनंतरही कोणी गात राहिल्यास त्याच्या हेतूविषयी घरात चौकशी सुरू होते.

या शिडीवर चढणाऱ्या विद्यार्थ्याचे ज्ञान ही एक विलक्षण रचना असते. वादी म्हणजे रागातील सर्वांत महत्त्वाचा स्वर आणि संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा, हे त्याला ठाऊक असते. यमनात मध्यम तीव्र लागतो, भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात, हेही तो झोपेतून उठवल्यास सांगू शकतो. तबला शिकणाऱ्याला तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर टाळी-खालीसह दाखवता येतात, आणि कायदा, म्हणजे ठरावीक बोलांच्या नियमबद्ध विस्तारावर आधारलेली रचना, ही संज्ञा तो लेखी परीक्षेत ज्या आत्मविश्वासाने स्पष्ट करतो, तो आत्मविश्वास बोटांत उतरण्यास पुढील सत्राची वाट पाहावी लागते. गुरूच्या दृष्टीने रागाला वेळ असते: सकाळचे राग सकाळी आणि रात्रीचे रात्री. विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्व रागांची वेळ एकच असते आणि ती विज्ञानाच्या क्लासची सुट्टी आणि इंग्रजीच्या क्लासचा आरंभ यांच्यामधील पाऊण तासात येते. पूर्वीच्या काळी एखाद्या घराण्यात एकच राग वर्षानुवर्षे घोटवून घेत असत. या पाऊण तासात तो राग आलाप, दोन ताना आणि तिहाईसह ‘पोर्शन’ म्हणून पूर्ण होतो.

लोककलांसाठीचे गुण सादर केलेल्या प्रयोगांशी जोडलेले असल्याने तेथे वेगळाच पेच उद्भवतो. ज्या मुलाच्या घरात गोंधळ, भारूड किंवा दशावतार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्याने जन्मापासून केलेल्या प्रयोगांची मोजदाद कोणी ठेवलेली नसते, कारण रात्रभर चाललेल्या जागरणानंतर यजमानाकडे शिक्का मागण्याची प्रथा नाही. याउलट ज्याने ही कला शहरातील संस्थेत शिकून घेतली, त्याच्याजवळ प्रत्येक प्रयोगाचा दाखला, छायाचित्र आणि वृत्तपत्रातील कात्रण व्यवस्थित लावलेल्या फाइलमध्ये उपलब्ध असते. ज्याच्या अंगात कला आहे त्याच्यापेक्षा ज्याच्या फाइलमध्ये कला आहे तो प्रवेशाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित ठरतो, हा या संपूर्ण व्यवस्थेतील मूलभूत सिद्धांत होय; शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाणाऱ्या प्रस्तावात अंग जोडण्याची सोय नाही, साक्षांकित प्रत जोडण्याची आहे.

या अतिरिक्त गुणांचा प्रवेशावर प्रत्यक्ष परिणाम किती, या प्रश्नाचे उत्तर अंकगणिताच्या अंगाने पाहिल्यास काहीसे निराशाजनक आहे. एका वर्गातील एकाच मुलीला 7 गुण मिळाले, तर ती इतरांच्या पुढे जाते. वर्गातील बहुतेक मुलींना 7 गुण मिळाले, तर त्या सर्वजणी पूर्वी होत्या त्याच क्रमाने 7 गुण वर सरकतात आणि त्यांच्यापाठोपाठ कट-ऑफही वर सरकतो. गणेशोत्सवात देखावा नीट दिसावा म्हणून पुढच्या रांगेतील माणूस टाचा उंचावतो, मग मागचे सर्वच टाचा उंचावतात आणि अखेर कोणालाही पहिल्यापेक्षा अधिक काही दिसत नाही, परंतु आता टाचा खाली टेकवण्याची हिंमत कोणातच उरलेली नसते. अतिरिक्त गुणांची स्थिती हीच आहे. ज्याच्याजवळ कोणतेही प्रमाणपत्र नाही असा विद्यार्थी तेवढा जमिनीवर राहतो, आणि आपली टक्केवारी सांगताना ‘कलेशिवाय’ असा खुलासा करण्याची पाळी त्याच्यावर येते.

खरा विरोधाभास प्रवेश मिळाल्यानंतर सुरू होतो. चित्रकला किंवा गायन यांच्या बळावर मिळालेले टक्के बहुधा विज्ञान शाखेच्या प्रवेशासाठी खर्च होतात. पुढे अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या राज्यस्तरीय सामाईक प्रवेश परीक्षेत, वैद्यकीयच्या ‘नीट’मध्ये किंवा ‘जेईई’च्या गुणवत्ता यादीत मध्यमा पूर्णचे प्रमाणपत्र चिकटवण्यास जागाच नसल्याने तबला कापडात गुंडाळून पोटमाळ्यावर जातो आणि रंगांच्या बाटल्या धाकट्या भावंडाकडे वारसाहक्काने येतात. 2025 साली दहावीत शंभर टक्के मिळवलेल्या 211 विद्यार्थ्यांपैकी 113 जण एकट्या लातूर विभागातील होते, आणि ‘लातूर पॅटर्न’ ही संज्ञा ज्या शहराने दिली ते शहर वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या तयारीसाठी प्रसिद्ध आहे, तबल्याच्या एखाद्या बाजासाठी नव्हे. यावरून शंभर टक्क्यांच्या शिखरावरून पुढची वाट कोणत्या दिशेला उतरते, हे कळते.

ज्या अभ्यासक्रमांना चित्रकलेची खरोखर गरज आहे, त्यांनी प्रमाणपत्रावर विसंबण्याऐवजी हात स्वतः तपासण्याचा मार्ग निवडला आहे, हे येथे नोंदवणे उद्बोधक ठरते. वास्तुशास्त्राच्या प्रवेशासाठी वास्तुकला परिषद घेत असलेल्या ‘नाटा’ परीक्षेत रेखाटन असते; आयआयटींमधील डिझाइनच्या पदवीसाठी 2015 पासून होणाऱ्या ‘यूसीड’मध्ये चित्र काढावे लागते; राज्यातील ललित कला पदवीच्या सामाईक परीक्षेत तर वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हे जुने सोबती पुन्हा भेटतात. येथे इंटरमिजिएटचा ‘ए’ कितीही ठळक असला तरी कोरा कागद नव्याने समोर येतो, आणि पाठमोऱ्या म्हातारीला आयुष्यात प्रथमच चेहरा फिरवावा लागण्याचा संभव निर्माण होतो.

चेन्नईच्या आयआयटी मद्रासने 2025-26 पासून कला आणि अभियांत्रिकी यांचा थेट विवाह लावण्याचा प्रयत्न केला आहे. ललित कला व संस्कृती यांतील प्रावीण्यासाठी तेथे प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अधिसंख्य जागा, म्हणजे मंजूर संख्येच्या वर निर्माण केलेल्या जागा, ठेवण्यात आल्या असून त्यांतील एक मुलींसाठी आहे. या जागेसाठी अट एवढीच की उमेदवाराने आधी ‘जेईई अॅडव्हान्स्ड’च्या क्रमवारीत यावे. देशातील अत्यंत कठीण मानल्या जाणाऱ्या प्रवेश परीक्षेत यशस्वी होणे आणि त्याच वयात राष्ट्रीय पातळीवरील कलापुरस्कार किंवा आकाशवाणीची श्रेणी मिळवणे, या दोन्ही गोष्टी ज्याने साधल्या आहेत, त्याला जागा देऊन संस्था त्याच्यावर उपकार करते की तो संस्थेवर, हा प्रश्न न्यायशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपवणेच इष्ट होय.

अन्य प्रांतांचा अनुभव पाहता महाराष्ट्र अजून बाल्यावस्थेत आहे, असेच म्हणावे लागते. केरळमध्ये 1957 पासून भरत असलेल्या शालेय कलोत्सवातील यशाला दहावी-बारावीत वाढीव गुण मिळत आल्यामुळे निकालाविरुद्ध अपील करण्याची पद्धत तेथे इतकी रुजली की भरतनाट्यमचा निर्णय परीक्षकांच्या मेजावरून न्यायालयाच्या आणि लोकायुक्तांच्या दारापर्यंत गेला आणि अपिलातून स्पर्धेत दाखल झालेल्यांमुळे वेळापत्रके लांबली. ब्रिटनमध्ये विद्यापीठ प्रवेशासाठी जी गुणांकपद्धती वापरतात तिच्यात पाश्चात्त्य संगीताच्या आठव्या इयत्तेतील वादनात विशेष प्रावीण्य मिळाल्यास 30 गुणांक असतात, तर ‘ए-लेव्हल’ या शालान्त परीक्षेतील एका विषयातील सर्वोच्च श्रेणीस 56. पियानो म्हणजे अर्ध्याहून थोडे अधिक भौतिकशास्त्र, हे समीकरण ब्रिटिशांनी शांतपणे छापून ठेवले आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज मात्र हे गुणांक मोजत नसल्याने तेथे पियानो निव्वळ वाजवण्यापुरता उरतो.

अमेरिकेतील परिस्थिती याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे दरपत्रकच नाही. निवडक विद्यापीठे ‘समग्र मूल्यमापन’ करतात, म्हणजे परीक्षेतील गुणांबरोबर निबंध, शिफारसी आणि छंद यांचाही विचार करतात. या पद्धतीचा उगम 1920 च्या दशकात हार्वर्डसारख्या संस्थांना केवळ परीक्षेच्या बळावर येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरायची होती त्यात आहे, आणि ‘चारित्र्य’ हा मोजता न येणारा गुण त्या कामी फार उपयोगी पडला. आता अनेक विद्यापीठांच्या सामाईक अर्जात जास्तीत जास्त दहा उपक्रम आणि प्रत्येकाच्या वर्णनासाठी 150 अक्षरचिन्हे एवढी जागा मिळते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबाने शनिवार-रविवार गाडी चालवून मुलीला दहा वर्षे भरतनाट्यम शिकवावे, भाड्याच्या सभागृहात लग्नाच्या तोडीचे अरंगेत्रम, म्हणजे शिष्येचे पहिले पूर्ण रंगमंचीय सादरीकरण, घडवून आणावे, आणि मग त्या सर्वाला 150 चिन्हांत बसवताना गुरूचे आडनाव ठेवावे की ‘वर्णम’ हा शब्द ठेवावा, यावर आई-वडिलांत मतभेद व्हावेत, असा प्रसंग तेथे उद्भवतो. महाराष्ट्रातील पालकाला 7 गुण मिळाल्यावर थांबता तरी येते. किती पुरेसे आहे हे जेथे कोणीच सांगत नाही, तेथे थांबण्याची जागाच सापडत नाही. विद्यापीठाच्या वाद्यवृंदाला त्या वर्षी ओबोवादकाची गरज असली तर ओबो वाजवणाऱ्याचे भाग्य उजळते, म्हणून मुलाला ओबो शिकवावा, तोवर वाद्यवृंदाची ओबोची गरज भागलेली असते.

एवढ्या विवेचनानंतर कलेसाठीचे अतिरिक्त गुण बंद करावेत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, परंतु तो घाईचा ठरेल. हे गुण काढून घेतल्यास पालक मुलांना निरपेक्ष भावनेने कलेकडे वळवतील, अशी आशा बाळगण्यास इतिहासात आधार नाही. ते गणिताचा आणखी एक क्लास लावतील. सद्यःस्थितीत निदान काही लाख मुलांच्या हाती वर्षा-दोन वर्षांसाठी कुंचला येतो, वांग्याच्या देठावर उजेड कसा पडतो हे त्यांना एकदा तरी निरखावे लागते, आणि चुकीच्या कारणासाठी शिकवलेला यमनही यमनच असतो. पलुस्करांच्या विद्यालयांतूनही मैफली गाजवणाऱ्या गवयांपेक्षा मैफलीला तिकीट काढून बसणारा वर्ग मोठ्या प्रमाणात तयार झाला, आणि त्या वर्गावाचून मैफलीही झाल्या नसत्या.

या दृष्टीने अतिरिक्त गुणांचे खरे फळ अकरावीच्या प्रवेश यादीत शोधणे चूक आहे. ते काही वर्षांनी पुण्यात 1953 पासून भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात दिसते. तेथे संगणक अभियंता झालेला एखादा माजी विद्यार्थी गायकाने षड्ज लावताच डोळे मिटतो, मान डोलावतो आणि दुसऱ्या आलापालाच शेजारच्या अनोळखी माणसाला रागाचे नाव न विचारता सांगतो. ते नाव बरोबर निघण्याची शक्यता 10 गुणवाल्यापेक्षा 15 गुणवाल्याची थोडी अधिक असते, आणि राज्य शासनाने या दोघांत जो 5 गुणांचा भेद केला, त्याचे समर्थन करणारा हा एवढाच पुरावा आजवर उपलब्ध आहे.